वाचक नावाचा माल

संगीतविषयक नियतकालिके वाचकाची अभिरुची ओळखून तिला साद घालतात, ही धारणा भाबडी आहे. १९६७ साली सॅन फ्रान्सिस्कोत निघालेल्या ‘रोलिंग स्टोन’ने प्रस्थापितविरोधी तरुणाईची भाषा केली; १९८५च्या जाहिरातमोहिमेत मात्र आपला वाचक हिप्पी नसून सधन ग्राहक असल्याची ग्वाही त्याने जाहिरातदारांना दिली. म्हणजे बंडखोरी वाचकासाठी आणि वाचक जाहिरातदारासाठी! १९५२पासून विकले जाणारे लंडनचे ‘न्यू म्यूझिकल एक्स्प्रेस’ २०१५ साली फुकट वाटले जाऊ लागले, तेव्हा हा व्यवहार उघडाच पडला. ‘लक्ष्यवाचक’ ही संज्ञा समीक्षेने बाजाराकडून जशीच्या तशी उचलली आहे. लक्ष्य म्हटले की नेम धरणारा आलाच. तो कोण, हे न विचारणारी समीक्षा त्याच बाजाराची दलाली करते.