शब्दांचेही वजनमाप

नाशिक रोडच्या करन्सी नोट प्रेसमध्ये १९२८ पासून नोटा छापल्या जातात. नोटेचे मूल्य १७ भाषांत लिहिलेले असते आणि कोणत्याही भाषेत त्याचे दोन अर्थ होत नाहीत. हीच अचूकता तंत्रलेखन या व्यवसायाचा पाया आहे. यंत्राची माहितीपुस्तिका किंवा औषधाचे पत्रक लिहिणे, वाचकाला काय व कोणत्या क्रमाने सांगावे हे ठरवणे, ही त्यातील कामे. पेढीवर वाढलेल्या मुलामुलींना ग्राहक कोठे अडतो हे ठाऊक असते. त्यांनी हा मार्ग निवडल्यास ‘लिहून का पोट भरते?’ असे म्हणून घरच्यांनी अडवू नये. तत्त्वार्थसूत्रात खोटे वजनमाप हा अचौर्याणुव्रताचा, तर कूटलेख हा सत्याणुव्रताचा अतिचार सांगितला आहे. पत्रकातील चुकीची मात्रा रुग्णाच्या जिवावर बेतू शकते. म्हणून तागडीइतकीच लेखणीही निर्दोष हवी.