घरबसल्या गाणं

गाणी रचणाऱ्या आमच्यासारख्या बायकांचा हंगाम हिवाळ्यात येतो. पुण्यात डिसेंबर-जानेवारीत पंखा बंद ठेवता येतो, आणि पंखा बंद असला की मोबाइलवर आवाज स्वच्छ येतो. खिडक्या लावून घेतल्या तरी घाम फुटत नाही. गोधड्या बाहेर निघालेल्याच असतात. दोन दोरीवर टांगल्या की खोलीत आवाज घुमायचा थांबतो. शिवाय कार्यक्रमही याच दिवसांत. २५ नोव्हेंबर ते १० डिसेंबर स्त्रियांवरील हिंसेविरोधी पंधरवडा, मग ३ जानेवारीला सावित्रीबाईंची जयंती. नेमका घसा बसलेला असतो तेव्हाच गाण्याला मागणी!

समाजकार्याची पदव्युत्तर पदवी घेऊन मी वस्तीत काम करते, आणि गेली काही वर्षं गाणी लिहिते, त्यांना चाली लावते. पाठीशी कंपनी नाही, स्टुडिओ नाही. घरच्या घरी रेकॉर्डिंग ही आता बाईची मोठी मोकळीक झाली, असं हल्ली सगळीकडे ऐकू येतं. त्यात तथ्य आहे. स्टुडिओचं तासाचं भाडं वाचतं, अनोळखी माणसांसमोर दहा वेळा चुकण्याचा संकोच राहत नाही. पण मला या कौतुकाची थोडी धास्तीच वाटते.

याचा दाखला म्हणून ब्रूस स्प्रिंगस्टीन या अमेरिकन गायकाची गोष्ट हमखास सांगतात. १९८२च्या जानेवारीत त्याने राहत्या घरी, साध्या चार ट्रॅकच्या कॅसेट यंत्रावर गाणी उतरवली आणि त्यांचाच 'नेब्रास्का' हा अल्बम त्याच वर्षी निघाला. आता बायकांचं पाहा. इंग्लंडमधल्या मॉली ड्रेक यांनी १९५०च्या दशकात घरातल्या पियानोवर स्वतःची गाणी गायली, नवऱ्याने ती टेप केली. त्या १९९३ साली वारल्या. गाणी लोकांपर्यंत पोचली ती आणखी जवळजवळ दोन दशकांनी. अमेरिकेतल्या कॉनी कॉन्व्हर्सची गाणी १९५४ साली एका परिचिताच्या घरी टेप झाली. १९७४मध्ये ती गाडीत सामान भरून निघून गेली, तिचा पत्ता पुन्हा लागला नाही. अल्बम निघाला २००९मध्ये. यंत्र तिघांकडेही होतं. स्प्रिंगस्टीनकडे त्याशिवाय कंपनी होती, आणि वर्षानुवर्षं कमावलेलं व्यासपीठ होतं.

'घरबसल्या' हा शब्द आमच्या वस्तीत चांगला ओळखीचा आहे. घरबसल्या पापड, घरबसल्या विड्या, घरबसल्या चार पैसे. नगावर मजुरी, वीज आपली, जागा आपली, आणि वर 'घर सोडावं लागत नाही' हे उपकार. गाण्याचंही तेच होऊ घातलंय. आमच्या गटातल्या एकीच्या सासूबाई सुनेचं मोबाइलवरचं गाणं शेजारणींना अभिमानाने ऐकवतात. तीच सून संध्याकाळी सातच्या कार्यक्रमाला निघाली की स्वयंपाकाचं काय, मुलांचं काय, रात्री सोडायला कोण येणार, हे सगळे प्रश्न उंबऱ्यात उभे राहतात. "घरीच म्हण ना, ऐकतात की सगळे," असं तिला समजावलं जातं. आणि घरी म्हणायचं तरी केव्हा? कुकरच्या शिट्ट्या, टीव्ही, नळाला पाणी येण्याची वेळ हे सगळं सांभाळून उरते ती पहाटेची चार ते पाचची वेळ. जात्याची वेळ हीच होती.

जात्यावरच्या ओव्यांचा दाखला मी मुद्दाम देते आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी सहकाऱ्यांसह गावोगाव फिरून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्या कामातली मला सगळ्यात मोलाची वाटणारी गोष्ट ही, की ओवीपाशी गाणारीचं नाव आणि गाव नोंदलेलं आहे. आणि गौहरजान! १९०२च्या नोव्हेंबरात कलकत्त्याच्या हॉटेलात रेकॉर्डिंग झालं तेव्हा गाणं संपताच ती स्वतःचं नाव इंग्रजीत पुकारायची. ते तंत्रज्ञांच्या सोयीसाठी असेल. मला मात्र ते ऐकताना फार बरं वाटतं.

आपल्या संघटनांच्या गाण्यांच्या पुस्तिका काढून पाहा. किती गाण्यांखाली नाव आहे? "चळवळीचं गाणं सगळ्यांचंच" हे मला चळवळीतल्याच मैत्रिणींनी ऐकवलंय. सगळ्यांनी म्हणावं, जरूर म्हणावं. पण ते रचलं एकीनेच ना? १९५७च्या कॉपीराइट कायद्याचं ५७वं कलम सांगतं, की हक्क दुसऱ्याला देऊन टाकले तरी कृती आपली आहे हे सांगण्याचा रचणारीचा अधिकार शाबूत राहतो. त्यासाठी नोंदणीचीही अट नाही. कायदा जे देतो ते आपण आपल्या बाईला देत नाही, हे मला खटकतं.

पैशांचंही तसंच. मंडपवाल्याला पैसे, माइकवाल्याला पैसे, चहावाल्यालाही पैसे. गाणारीला तुळशीचं रोप. माझ्या खिडकीत सध्या अशी पाच रोपं आहेत.

या हिवाळ्यात आमच्या गटाने कार्यक्रमाला बोलावणाऱ्यांना चार गोष्टी लेखी कळवायला सुरुवात केली: मानधन, रात्री घरी सोडायला रिक्षा, मुलांना सांभाळायला एक खोली आणि एक माणूस, आणि गाण्याआधी रचणारीचं नाव. डिसेंबरात तीन ठिकाणी गेलो. रिक्षा तिन्हीकडे मिळाली, नाव दोन ठिकाणी घेतलं गेलं. खोली कुठेच नव्हती. मानधनाचा विषय एका ठिकाणी 'पुढच्या मीटिंगमध्ये' आहे.