छोट्या पडद्यावरचा मारिओ

लाल टोपीच्या, जाड मिशांच्या, उड्या मारत पळणाऱ्या मारिओची ओळख आमच्या वाचकांना नव्याने करून द्यायला नको. आज ज्यांनी चाळिशी ओलांडली आहे त्यांनी तो गल्लीतल्या व्हिडिओ गेम पार्लरमध्ये, नाहीतर शेजाऱ्यांच्या टीव्हीवर पाहिलेला आहे. ज्यांची मुले आज शाळेत जातात त्यांच्या घरात तो फेरीवाल्याकडच्या 'चारशे इन वन'मधून पुन्हा शिरला आहे. आम्ही आज लिहिणार आहोत ते मात्र या दोहोंच्या मधल्या एका मारिओविषयी. तो १९९९ साली निघाला, हातात धरायच्या यंत्रासाठी निघाला, आणि आपल्या वसई-विरार पट्ट्यातल्या बहुतेक घरांना त्याचा पत्ताही लागला नाही. गेले दोन महिने तो पुन्हा आमच्या हाती आहे. खरे म्हणजे अभ्यासवर्गातली मुले खेळतात आणि आम्ही शेजारी बसून बघतो.

मूळ खेळ १३ सप्टेंबर १९८५ रोजी जपानमध्ये आला. कंपनी निन्टेंडो, क्योटो शहरातली, १८८९ साली पत्ते बनवण्यासाठी सुरू झालेली. शिगेरू मियामोटो आणि ताकाशी तेझुका यांनी खेळ रचला, कोजी कोंडो यांनी संगीत दिले. आठ जगे, प्रत्येकात चार टप्पे, असे बत्तीस टप्पे, आणि हा सगळा पसारा अवघ्या ४० किलोबाइटमध्ये. मोबाईलवर रोज सकाळी येणारा शुभेच्छांचा एखादा फोटो याहून जास्त जागा खातो. जागेची इतकी ओढाताण, की आकाशातला ढग आणि जमिनीवरचे झुडूप हे एकच चित्र आहे. एकाला पांढरा रंग दिला, दुसऱ्याला हिरवा. दहा बाय बाराच्या खोलीत सहा माणसांचा संसार मांडणाऱ्या आमच्या भगिनींना ही कला वेगळी समजावून सांगावी लागणार नाही.

आणखी एक गोष्ट आम्हाला पहिल्यापासून आवडते. हा नायक राजपुत्र नाही की सैनिक नाही. १९८१ च्या 'डाँकी काँग' खेळात तो पहिल्यांदा आला तेव्हा सुतार होता, १९८३ पासून तो नळाची कामे करणारा प्लंबर झाला. 'मारिओ' हे नावदेखील कंपनीच्या अमेरिकेतल्या गोदामाच्या घरमालकावरून पडले. हे आम्ही वस्तीतल्या एका प्लंबर बंधूंना सांगितले, तेव्हा ते म्हणाले, "त्याला पाइपात शिरलं की नाणी मिळतात. आमची मजुरी बिल्डरकडे तीन महिने अडकते."

असो. आमच्या लहानपणी, म्हणजे १९९२-९३ च्या सुमारास, नालासोपाऱ्याच्या पार्लरमध्ये एका रुपयाला दहा मिनिटे खेळायला मिळत. पुढे समुराई, लिटल मास्टर अशा नावांची यंत्रे काही घरांत आली. ती टीव्हीला जोडायची, वर कॅसेट खोचायची, चालली नाही तर फुंकर मारायची. ज्याच्या घरी यंत्र, त्याची पहिली पाळी, आणि तो मरेपर्यंत बाकीच्यांनी ओठ आवळून बसायचे. मुलींना कुणी 'येऊ नका' म्हणत नसे. पण त्या दारातूनच बघत, आणि कडेवरच्या भावाला रडू आले की निघून जात.

या खेळाची मोठी अडचण अशी, की कुठवर पोहोचलो ते तो लक्षात ठेवत नसे. बत्तीस टप्पे एका बैठकीत पार करा, नाहीतर उद्या पुन्हा पहिल्यापासून. एक युक्ती होती: सगळे जीव संपले तरी यंत्र बंद न करता 'ए' बटण दाबून धरायचे आणि 'स्टार्ट' दाबायचे, म्हणजे ज्या जगात मेलो त्याच्या सुरुवातीला पुन्हा उभे राहता येई. दुसऱ्या टप्प्यात छतावरच्या विटांवरून चालत गेले तर थेट चौथ्या जगात नेणारा पाइप सापडे, हेही पोरांना ठाऊक झाले होते. पण वीज गेली की सगळ्या युक्त्या संपल्या. आणि आपल्याकडे वीज जायची. शिवाय बातम्यांची वेळ झाली, वडील रात्रपाळी करून झोपले, पाहुणे आले, अशी टीव्ही बंद करायला कारणे काय थोडी होती? आमच्या ओळखीच्या बहुतेकांनी आठवे जग कधी पाहिलेच नाही. ज्याच्या घरी टीव्ही दुपारभर मोकळा असे, त्यालाच ते दिसले.

आता हातात धरायच्या यंत्राची गोष्ट. ते ज्यांनी घडवले ते गुन्पेई योकोई हे इलेक्ट्रॉनिक्स शिकून १९६५ साली निन्टेंडोत लागले, आणि काम मिळाले पत्ते बनवणाऱ्या यंत्रांच्या देखभालीचे. पुढे ते कंपनीचे मोठे खेळणीकार झाले. त्यांनीच सांगून ठेवले आहे, की बुलेट ट्रेनमध्ये एक कंटाळलेला नोकरदार कॅल्क्युलेटरची बटणे उगीचच दाबत बसलेला त्यांनी पाहिला आणि प्रवासात वेळ घालवायच्या छोट्या खेळाची कल्पना सुचली. त्यातून १९८० साली 'गेम अँड वॉच' निघाले आणि १९८९ साली 'गेम बॉय'. आम्ही रोज विरार-चर्चगेट साठ किलोमीटर जातो-येतो, म्हणून ही हकीगत आम्हाला फार जवळची वाटते. फरक इतकाच, की तो जपानी गृहस्थ बसलेला होता. सकाळच्या विरार फास्टमध्ये खेळ डोळ्यांपर्यंत आणायला हात वर काढता आला तर शपथ!

योकोईंचे एक सूत्र होते: जुने झालेले, स्वस्त झालेले तंत्र घ्यावे आणि त्याला नव्या कामाला लावावे. म्हणून गेम बॉयचा पडदा साधा, बिनरंगी ठेवला आणि साध्या सेलवर तो तासन् तास चालला. १९९८ मध्ये त्याची रंगीत आवृत्ती आली, गेम बॉय कलर, दोन पेन्सिल सेलवर चालणारी. योकोई मात्र १९९७ मध्येच एका रस्ता अपघातात गेले होते. याच रंगीत यंत्रासाठी १९९९ साली मूळ मारिओ पुन्हा बांधून काढला गेला आणि त्याचे नाव ठेवले 'सुपर मारिओ ब्रदर्स डिलक्स'.

पुन्हा बांधताना कारागिरांपुढे अवघड प्रश्न होता. मूळ चित्र २५६ बाय २४० ठिपक्यांचे, आणि या यंत्राचा पडदा १६० बाय १४४ ठिपक्यांचा. हिशेब केला तर जुन्या चित्राचा सदतीस-अडतीस टक्केच भाग एका वेळी मावतो. दोन वाटा होत्या. सगळे चित्र आक्रसून मुंगीएवढा मारिओ करायचा, किंवा मारिओ होता तेवढाच ठेवून भोवतालचे जग कापायचे. त्यांनी दुसरी वाट धरली. त्यामुळे मारिओ स्पष्ट दिसतो, पण पुढचा खड्डा उशिरा दिसतो. ढगात बसून काटेरी गोळे टाकणारा तो लबाड तर अनेकदा दिसतच नाही, गोळेच तेवढे डोक्यावर येतात. वरचे-खालचे बघायला वर-खालचे बटण दाबून पडदा सरकवता येतो. पण पळताना हे करायचे म्हणजे डोक्यावर हंडा घेऊन मागे वळून बघण्यासारखे आहे. शेवटच्या जगांत काही उड्या निव्वळ अंदाजाने माराव्या लागतात. हा दोष खरा आहे, आणि नव्या खेळाचे कौतुक करणारे तो झाकतात, हे आम्हाला पटत नाही.

इतके कापून दिले काय? बरेच दिले. प्रत्येक टप्प्यात पाच लाल नाणी आणि एक लपवलेले अंडे शोधायचा वेगळा खेळ आहे. दोन यंत्रे वायरने जोडून दोघांची शर्यत लावता येते. एक लाख गुण झाले की भुताबरोबर शर्यत उघडते, तीन लाखांवर १९८६ सालचा जपानी मुलांना रडवणारा अवघड भाग उघडतो. पण आमच्या मते या सगळ्यापेक्षा मोठी देणगी एकच: खेळ सेव्ह होतो. दहा मिनिटे खेळा, बंद करा, कामाला लागा. उद्या तिथूनच सुरू. ज्या घरात कुणालाच सलग दोन तास मोकळे मिळत नाहीत, त्या घरासाठी मूळ खेळापेक्षा हा तुकड्यातुकड्यांनी खेळता येणारा मारिओच अधिक योग्य होता. तो आला नाही तो किमतीमुळे. गेम बॉय कलर अमेरिकेत सुमारे सत्तर डॉलरला मिळे, म्हणजे त्या वेळचे जवळजवळ तीन हजार रुपये, कॅसेट वेगळी. बी.कॉम. होऊन आम्ही चिकटलो तेव्हा आमचा पहिला पगार याहून कमी होता. आमच्या लोकांच्या हातात तेव्हा फक्त ब्रिक गेम होता, विटा रचायचा.

आमच्या हाती हे यंत्र आले ते कार्यालयातल्या एका सहकाऱ्यामुळे. त्यांच्या भावाने २००१ साली आखातातून आणले होते, तेव्हा आम्हीही चार दिवस खेळलो होतो. यंदा घर बदलताना ते माळ्यावर सापडले आणि त्यांनी अभ्यासवर्गाच्या मुलांसाठी दिले. सेल घातले, चालू झाले. मुलांनी तासाभरात दुसरे जग गाठले, सेव्ह केले, बंद केले. दुसऱ्या दिवशी पाहतो तर सगळे पुसलेले! तिसऱ्या दिवशीही तेच.

कारण कॅसेटच्या आत होते. खेळाची आठवण जपायला तिच्यात बटणाएवढी चपटी बॅटरी डाख देऊन बसवलेली असते. यंत्र बंद असतानाही ती थोडी थोडी खर्च होत राहते, आणि वीस-पंचवीस वर्षांत संपते. खेळ सुरू होतो, पण त्याला कालचे काही आठवत नाही. आमच्या भागातले टीव्ही दुरुस्त करणारे एक जुने कारागीर आहेत, त्यांच्याकडे गेलो. कॅसेटला साधा स्क्रू नव्हता, खास खाचेचा होता. त्यांनी प्लॅस्टिकच्या पेनाची नळी तापवून त्यावर दाबली, थंड होऊ दिली आणि तिनेच स्क्रू फिरवला. आम्ही थक्क! जुन्या बॅटरीवरचा क्रमांक पाहून तसलीच, पत्र्याच्या पट्ट्या लावलेली बॅटरी मागवली आणि डाख दिला. मजुरी विचारली तर म्हणाले, "मुलं शिकायला येतात ना तुमच्याकडं? राहू द्या."

तेव्हापासून विहारात संध्याकाळी अभ्यास आटोपला की शेवटची वीस मिनिटे यंत्र बाहेर निघते. यंत्र एक, मुले चौदा. मुलांनीच नियम केला, की एकाने एक टप्पा खेळायचा आणि पुढच्याच्या हातात द्यायचे. ज्याला जमत नाही त्याला तीन जीव, मग पुढचा. कुणी कुणाच्या आधी संपवायचा प्रश्नच उरला नाही, कारण सगळ्यांचा मिळून एकच खेळ चालला आहे. पडद्याला आतून उजेड नाही, म्हणून सगळी ट्यूबलाइटखाली गोळा होतात. पाचव्या जगातला किल्ला तीन दिवस कुणालाच सुटला नाही. तो सोडवला आठवीतल्या एका मुलीने. तिची आई धुणीभांडी करते, घरी दोन लहान भावंडे तिच्याकडे असतात, आणि ती वर्गाला रोज येऊ शकत नाही. ती चार दिवसांनी आली तरी तिची पाळी मुलांनी राखलेली असते. तिनेच आम्हाला विचारले, "काका, प्रत्येक किल्ल्यात सांगतात राजकन्या दुसरीकडं आहे. मग ती इतके दिवस नुसती बसूनच असते का?" १९८८ सालच्या पुढच्या खेळात राजकन्या स्वतः धावते, उड्या मारते, हे आम्ही तिला सांगितले. आता तो खेळ कुठे मिळेल, हा तिचा पुढचा प्रश्न आहे.

'चारशे इन वन'विषयी अनेक भगिनी विचारतात म्हणून सांगतो. काही शे रुपयांत मिळते, वाईट नाही. पण त्यातला मारिओ हा मूळचा, आक्रसून बसवलेला आणि सेव्ह न होणारा असतो. चारशेतले पुष्कळ खेळ नाव बदलून पुन्हा आलेले असतात. मुलगा 'थांब, हा टप्पा संपू दे' म्हणतो तेव्हा तो दर वेळी हट्ट नसतो. बंद केले तर त्याचे तासाभराचे कष्ट खरोखरच जातात. एवढे ध्यानात घेऊन पाच मिनिटे द्यावीत.

आणि कुणाला जुना गेम बॉय आणि जुनी कॅसेट विकत मिळत असेल, तर दुकानातच दोन टप्पे खेळून सेव्ह करावे, यंत्र बंद करावे, मिनिटभर थांबून पुन्हा सुरू करावे. आठवण शिल्लक असेल तर बॅटरी अजून जिवंत आहे. नसेल तर बॅटरीचे पैसे किमतीतून कापून घ्यावेत, आणि विकणारा बंद-चालू करू देत नसेल तर पैसे खिशातच राहू द्यावेत.