पियानो कोणाच्या मुलांसाठी?

कुंभार पिंपळगावच्या मुलाने पियानो कशाला शिकावा, हा प्रश्न आपल्या मंडळींकडून इतक्या सहजतेने विचारला जातो की त्यामागे काही विचार असावा, असा समज व्हावा. आम्हांला त्यात विचार दिसत नाही. सोय तेवढी दिसते. घनसावंगी तालुक्यातल्या अशा गावातून मैफलीचा पियानोवादक निघणे अशक्य, असे एकदा ठरवून टाकले म्हणजे त्यासाठी कोणालाच काही करावे लागत नाही. मग मुंबईत किंवा गोव्यात एखादा तरुण वादक नावारूपाला आला की त्याला शाल पांघरावी, त्याचे छायाचित्र छापावे आणि 'संगीत आपल्या रक्तातच आहे' असे भाषण ठोकावे, इतकेच कर्तव्य उरते. रक्तात! त्याच्या दहा बोटांना वर्षानुवर्षे कोणी वळण लावले, त्याची फी कोणी भरली, वाद्य कोठून आले, याची चौकशी त्या भाषणात कधी होत नाही.

या अनास्थेला आता एक तात्त्विक झूल चढवली जाते. पियानो हे परदेशी वाद्य. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने स्थानिक संगीताला मान द्यावयास सांगितले. तेव्हा खेड्यातल्या ख्रिस्ती मुलाने टाळ-मृदंगातच रमावे, असा हा युक्तिवाद आहे. टाळ-मृदंगाविषयी आम्हांला नितांत आदर आहे. पण ज्या पेटीवाचून मराठवाड्यातले भजन उभे राहत नाही, ती पेटी कोठली? एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास पॅरिसमध्ये जन्मलेल्या हार्मोनियमचेच ते देशी रूप. आकाशवाणीने तिला परकी आणि बेसूर ठरवून 1940 पासून 1971 पर्यंत दाराबाहेर ठेवले होते. भजनी मंडळांनी त्या बंदीची पर्वा केली नाही, आणि आज तिला कोणी परदेशी म्हणत नाही.

समर्थ रामदासांचे जांब याच घनसावंगी तालुक्यात. 1608 साली तेथे समर्थ जन्मले आणि ते आठ वर्षांचे असताना, 1616 मध्ये, गोव्यात फादर स्टीफन्सचे 'क्रिस्तपुराण' छापले गेले. इंग्लंडात जन्मलेल्या त्या जेज्वीताने ओवी हा परक्यांचा छंद म्हणून दूर लोटला असता, तर आपल्यापाशी अभिमानाने सांगावे असे किती उरले असते? परक्याची कला मुळापासून शिकून आपली करणे हा आपल्याच घराण्याचा वारसा आहे. तो इंग्रजाला शोभला आणि पिंपळगावच्या पोराला शोभत नाही, हा न्याय आम्हांला उमगत नाही.

उपासनाविषयक संविधानाचा दाखला देणाऱ्यांनी ते पुरते वाचावे. 1963 च्या त्या दस्तऐवजाच्या 119 व्या परिच्छेदात मिशन-प्रदेशांतील लोकांच्या संगीताला योग्य स्थान द्या, असे सांगितले आहे, हे खरेच. पण त्याच प्रकरणातला 115 वा परिच्छेद सेमिनरींत आणि कॅथलिक शाळांत संगीतशिक्षणावर भर द्या, त्यासाठी शिक्षक काळजीपूर्वक तयार करा, असे बजावतो. पहिल्याला पैसे लागत नाहीत, दुसऱ्याला लागतात. म्हणून पहिला भाषणांत येतो आणि दुसरा कपाटात राहतो.

आपली सारी चूक शिक्षकापाशी आहे. गोव्यातल्या चर्चच्या आश्रयाने चालणाऱ्या धर्मग्रामशाळांत मुलांना सोल्फा आणि व्हायोलिन शिकवणारा मेस्त असे. त्या परंपरेतून गरिबांची पोरे मुंबईच्या चित्रपटसंगीतात गेली. माजोर्ड्याच्या चर्चमधील गायकवृंदप्रमुखाचा मुलगा अँथनी गोन्साल्विस त्यांपैकीच. त्यांनी 1958 मध्ये वाद्यवृंद उभारून भारतीय रागांना पाश्चात्त्य स्वरमेळात बसवण्याचा प्रयत्न केला. प्यारेलाल त्यांचे शिष्य. रक्ताची ही कामगिरी नव्हे, मेस्ताची आहे.

याहून बोलके उदाहरण व्हिएतनामचे आहे. 1958 साली हनोईत जन्मलेला डांग थाय सोन सात-आठ वर्षांचा असताना अमेरिकी बॉम्बवर्षाव सुरू झाला आणि तेथील संगीतशाळा खेड्यात हलवण्यात आली. पियानो रेड्यांच्या गाडीतून नेला गेला. वाद्ये थोडी, मुले पुष्कळ. एकेकाच्या वाट्याला दिवसाकाठी थोडीच मिनिटे येत. पण त्याची आई, थाय थी लिएन, स्वतः उत्तम पियानोवादक आणि शिक्षिका होती. 1974 मध्ये एका रशियन शिक्षकाने त्याला हेरले, 1977 मध्ये तो मॉस्कोला गेला आणि 1980 मध्ये वॉर्सातील शोपाँ स्पर्धा जिंकणारा पहिला आशियाई ठरला. देवाचे नाव न घेणाऱ्या सरकारने युद्धाच्या धामधुमीत खेड्यात पियानो आणि शिक्षक पोहोचवले. आम्ही शांततेच्या काळात काय पोहोचवतो? मंडपाचा ध्वनिक्षेपक.

आणि कीबोर्ड! एक बटण दाबले की ढोल वाजतो, दुसरे दाबले की ताल आपोआप धावतो. त्याच्या 61 हलक्या पट्ट्यांवर बोट जोराने पडले काय आणि अलगद पडले काय, बहुधा आवाज एकच. पियानोच्या 88 पट्ट्यांमागे हातोडे आणि दोनशेंहून अधिक तारा असतात. बोटाचा भार हीच तेथली भाषा. कीबोर्डवर वाढलेला हात ती भाषा पंधराव्या वर्षी शिकायला बसतो, तेव्हा फार उशीर झालेला असतो. वजनदार पट्ट्यांचे विद्युत्-वाद्य आज मिळते. त्याला मराठवाड्याच्या उन्हाचे भय नाही, सूर जुळवणारा मुंबईहून आणावा लागत नाही.

मैफलीचा पेशा खडतर आहे, हे आम्ही जाणतो. वाद्यवृंदात व्हायोलिनवाल्याला कायमची खुर्ची असते. पियानोवादक बहुधा पाहुणा म्हणूनच येतो. मुंबईत जन्मलेल्या मारियालेना फर्नांडिस यांनी व्हिएन्ना ही कर्मभूमी केली आणि तेथे अध्यापनही केले. जगभर बहुतेक वादक शिकवून, गायकांना साथ करूनच पोट भरतात. पण म्हणूनच तर शिकलेला एक वादक दहा गावांना पुरतो. शंभरांतला एकही वॉर्साला गेला नाही, तरी नव्व्याण्णव जण स्वरलिपी वाचू लागतील, आणि आपल्या मिस्सेतला गायकवृंद दर नाताळला तीच चार गीते त्याच चुकांसह गाणार नाही.

तेव्हा शाली पुरे झाल्या. प्रत्येक धर्मप्रांताने एका शिक्षकाला पगार द्यावा. त्याने शनिवारी एसटीने एका गावी, रविवारी मिस्सेनंतर दुसऱ्या गावी जावे. मुलांची जात, पंथ विचारू नये. आणि सभागृहातले वाद्य कुलपात न ठेवता शाळा सुटल्यावर मुलांना उघडे करावे. त्या शिक्षकाचे मानधन आणि एसटीचे भाडे किती, हा आकडा येत्या धर्मग्राम-सभेत सणाच्या मंडपखर्चाशेजारी मांडला जावा, एवढी आमची मागणी आहे.