वेलाची चाल

राजुऱ्यास पाऊस स्थिरावला की कुंपणाकुंपणावर वेल चढू लागतात. चढलेला वेल आपण सारेच पाहतो. चढताना मात्र तो कोणाच्याच दृष्टीस पडत नाही. ही न दिसणारी गती दाखविण्याची युक्ती एका मराठी गृहस्थांनी १९१२ सालीच साधली होती.

दादासाहेब फाळके यांनी विलायतेहून कॅमेरा आणविला खरा; परंतु चित्रपटास भांडवल कोण देणार? त्यांनी कुंडीत एक वाटाणा पेरला आणि महिन्याहून अधिक काळ ठराविक अंतराने त्याची छायाचित्रे घेतली. पडद्यावर अंकुर फुटून रोप वाढताना दिसले, तेव्हा कर्ज देणाऱ्याचा विश्वास बसला. फिल्मला छिद्रे पाडणे, ती धुणे, ही कामे पत्नी सरस्वतीबाई शिकल्या. ‘राजा हरिश्चंद्र’च्या आधीचा हा उद्योग असा घरातच झाला.

आज ते यंत्र प्रत्येकाच्या खिशात आहे, आणि मुलांची नजर अंगणातून त्यानेच काढून घेतली, अशी आपली तक्रार असते. तर मग त्याच यंत्राकरवी ती अंगणात परत का आणू नये?

घेवड्याच्या कोवळ्या वेलाची कुंडी वारा न लागेल अशा पडवीत ठेवावी. मोबाइल पाटावर पक्का बसवून दर पाच मिनिटांनी एक छायाचित्र घ्यावे. बारा तासांत १४४ चित्रे होतात. सेकंदास बारा या वेगाने ती बारा सेकंदांत सरतात. वेलाचा शेंडा आधार शोधीत घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरताना दिसेल. उबदार हवेत एका फेऱ्यास सुमारे दोन तास लागतात.

दुसरे काम हाताचे. चार्ल्स डार्विन काचेवर ठिपके देऊन रोपांची हालचाल टिपीत. १८८० साली त्यांनी ती ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. वेलाच्या वर आडवी काच धरून, डोळा दर वेळी एकाच जागी ठेवून, पाव तासाने शेंड्याच्या ठिकाणी शाईचा ठिपका द्यावा. ठिपके जोडून ती रेषा कागदावर उतरविली, की वेलाने स्वतः काढलेले चित्र हाती येते.

यंत्रास कंटाळा नाही, म्हणून हाताचे काम सोडू नये. चुकलेला ठिपका मागून भरता येत नाही, हे मुलास तेथेच कळते. येत्या सुटीच्या दिवशी आजोबांनी घड्याळ सांभाळावे, आजींनी काच धरावी आणि शाई नातवंडांच्या हाती द्यावी.