सायकलीच्या सांगाड्याचे सौंदर्य

आमच्या शाळेत सायकली ठेवण्याच्या पडवीत एक जुनी काळी, सळईच्या ब्रेकची सायकल नेहमी कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून उभी असते. ती एका विद्यार्थ्याच्या आजोबांची. त्यास तिची लाज वाटते, आणि ती भंगारात घालण्याचा विचार त्याच्या घरी चालला आहे असे ऐकतो. तत्पूर्वी आमचे मत त्याच्या पालकांच्या कानी पडावे, एवढ्याचसाठी हा लेखनप्रपंच.

सन १८८५ मध्ये जॉन केम्प स्टार्ली याने इंग्लंडातील कॉव्हेन्ट्री येथे मागच्या चाकास साखळीने गती देणारी ‘रोव्हर’ सायकल काढली. पुढे थोड्याच वर्षांत सांगाड्याचा जो आकार रूढ झाला, तोच या सायकलीचा आहे. वरची नळी भूमीशी समांतर; मागे एक त्रिकोण आणि पुढे जवळजवळ दुसरा. बाजूंची लांबी कायम असता त्रिकोण वाकत नाही, चौकोन मात्र कलतो, हे भूमितीच्या तासास आपण शिकतोच. येथे ते डोळ्यांस दिसते.

पण आमचे मन खरे रमते ते सांध्यांपाशी. नळ्यांची टोके पोलादी खोबणीत बसवून त्यांस पितळेचा डाग देतात. या खोबणीस कारागीर ‘लग’ म्हणतात. तिची कड कानशीने घासून पानाच्या टोकासारखी निमुळती केलेली असली, म्हणजे जोड लपविण्याची वस्तू न राहता तोच अलंकार होतो. बर्मिंगहॅमच्या रेनॉल्ड्स कारखान्याने टोकांस जाड व मध्ये पातळ अशा नळीचे पेटंट १८९७ मध्ये घेतले, आणि १९३५ मध्ये ‘५३१’ हे प्रसिद्ध पोलाद काढले. आजोबांची सायकल त्या जातीची नव्हे. तिचे पोलाद साधे व जड आहे, हे कबूल केले पाहिजे.

अलंकाराची हौस अतोनात झालेलीही आम्हांस रुचत नाही. लंडनच्या हेचिन्स सायकलींत मागील चाक धरणाऱ्या नळ्या नागमोडी असत. त्याने धक्के कमी बसतात असा दावा होता. कारागिरी अप्रतिम खरी; परंतु सरळ नळी पाहिल्यावर ती वक्रता आम्हांस उगाच वाटते. आजच्या कार्बनच्या सांगाड्यांचे वजन हेवा करण्याजोगे आहे, पण त्यांच्या फुगीर अंगावर सांधा कोठे हे शोधूनही सापडत नाही.

तेव्हा त्या मुलाने एखाद्या शनिवारी सायकल आमच्या घरी आणावी. गंज काढण्यास खरकागद व तेल आम्ही देऊ. साखळी मात्र नवी घ्यावी लागेल.