बाळंतविडा नको, खाडा बंद करा!

दसरा उलटला की जालना जिल्ह्यातील घनसावंगी, अंबड, परतूर, मंठा या तालुक्यांतील वाड्या-तांडे रिते होऊ लागतात. मुकादमाची उचल घेतलेली जोडपी ऊसतोडीला निघतात. त्यांत गर्भवती स्त्रियाही असतात. त्यांचे नाव गावच्या आशाताईच्या वहीत राहते. प्रसूतीची वेळ मात्र परक्या मुलखात, फडाजवळच्या पालात येते. इकडे गावात दानशूरांचे माता-आरोग्य शिबिर भरते, बाळंतविडे वाटले जातात. जिच्यासाठी हा खटाटोप, ती तिथे नसतेच!

सेवाभावाची कुचेष्टा करण्याचा आमचा हेतू नाही. गडचिरोलीत ‘सर्च’ संस्थेने गावातल्याच स्त्रियांना शिकवून नवजात अर्भके वाचविता येतात हे सिद्ध केले. 2011 साली तीच पद्धत आशांमार्फत देशभर स्वीकारली गेली. सेवाकार्याने वाट दाखवावी आणि शासनाला त्या वाटेवर आणून सोडावे, यातच त्याचे सार्थक आहे. शासकीय रुग्णालयातील प्रसूती, शस्त्रक्रिया, औषधे, रक्त, आहार व वाहन मोफत देण्याचे वचन शासनाने त्याच वर्षी दिले. मग जे हक्काने मिळावयाचे, ते आपल्या माताभगिनींनी उपकार म्हणून का स्वीकारावे?

परंतु खरा प्रश्न याहून खोल आहे. एक दिवस कोयता थांबला की ‘खाडा’ लागतो, मजुरीतून दंड कापला जातो. म्हणून दिवस भरत आलेली बाई डोक्यावर मोळी वाहते आणि ओली बाळंतीण फडात उतरते. प्रसूतिकाळच्या विश्रांतीचा भार मालकाने व शासनाने उचलावा, असे डॉ. आंबेडकरांनी 1928 साली मुंबईच्या कायदेमंडळात बजावले होते. 2017 च्या दुरुस्तीने नोकरदार स्त्रीची भरपगारी रजा 26 आठवड्यांची झाली. ऊसतोड स्त्रीच्या वाट्याला काय आले? कारखाना मुकादमाकडे बोट दाखवितो, मुकादम कारखान्याकडे. दोघांच्या मध्ये ती बाळंत होते.

तिच्या श्रमावर साखर पिकविणाऱ्यांनी पाळणे दान करू नयेत; आधी खाडा बंद करावा. गर्भवतीची नोंद गावाहून फडापर्यंत तिच्याबरोबर जावी, फडावर आरोग्यसेविका पोहोचावी आणि प्रसूतिकाळाची मजुरी कारखान्याने द्यावी. कार्यकर्त्यांनी या मागण्या गळीत हंगामापूर्वी तांड्या-तांड्यावर न्याव्यात. दानाची पावती फाडणाऱ्यांना खाड्याचा हिशोब विचारण्याची हीच वेळ आहे.